बाहेरचा कापूस बिनशुल्क, आपला हमीभावाखाली : जागतिक व्यापारानं विदर्भाला दिलं काय आणि नेलं काय?

(2025 च्या अखेरीस झालेली ही चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव दिलं आहे.)

काळी माती, घाटंजी

सरळ मुद्द्यावर येतो. 2025 च्या 19 ऑगस्टला केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबर 2025 पर्यंत. अमेरिकेच्या 50 टक्के शुल्कामुळे कापड उद्योग अडचणीत होता, गिरण्यांना स्वस्त रुई (सरकी काढलेला कापूस) मिळाली पाहिजे, हे त्यामागचं कारण. उद्योग अडचणीत होता हे मान्य. पण त्याची अडचण कोणाच्या वावरातून भागवली?

आमच्याकडे कापूस जूनमध्ये लावतात आणि पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. लावताना शुल्क होतं. बी, खत, डवरणी, निंदण, फवारणी हा सगळा खर्च ते धरून केला. बोंडं फुटायच्या आत शुल्क गेलं.

11 टक्के म्हणजे किती, ते साध्या हिशेबानं पाहा. रुईची खंडी 356 किलोची. एका क्विंटल कापसातून 34-35 किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका खंडीला सव्वादहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो. बाहेरची रुई बंदरात 50 हजार रुपये खंडीनं उतरली असं धरलं, तर तिच्यावरचं शुल्क साडेपाच हजार. ते काढून टाकलं की आपल्या कापसाच्या क्विंटलमागे पाचशे रुपयांहून जास्त आधार गेला. 2025-26 मध्ये लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता आणि गावात येणारे खेडा खरेदीवाले सात हजारांच्या आसपास मागत होते. ज्याच्या घरी वीस क्विंटल कापूस झाला त्यानं आपलं नुकसान स्वतः काढावं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं. ऑगस्टमध्ये 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याची) सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि आमचं सोयाबीन निघेपर्यंत भाव उतरले. 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या पार गेला आणि एप्रिलमध्ये आयात शुल्क शून्य झालं. त्याआधी मार्च 2012 मध्ये कापसाच्या निर्यातीवर एका रात्रीत बंदी घातली होती, आरडाओरड झाल्यावर आठवड्याभरात उठवली. भाव चढला की आयात खुली होते किंवा निर्यात बंद होते. भाव पडला की मात्र 'जागतिक बाजारच मंदीत आहे' एवढंच ऐकायला मिळतं.

1991 नंतर परदेशी व्यापारानं देशाला काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी सोनं गहाण टाकायची वेळ आली होती. आज औषधं, गाड्या, संगणक सेवा बाहेर विकून परकीय चलन येतं. चीन आणि व्हिएतनामनं निर्यातीच्या जोरावर कोट्यवधी लोकांना गरिबीतून वर काढलं. विकसनशील देशांना व्यापार हवाच. पण देश म्हणजे एकच माणूस नव्हे. एका हाताला मिळालेल्या फायद्याची किंमत दुसऱ्या हातानं मोजायची, आणि मोजणारा हात दरवेळी कोरडवाहू शेतकऱ्याचा, हे मला पटत नाही.

माझी मागणी एकच. आयात-निर्यातीचे नियम पेरणीच्या आधी जाहीर करा आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलू नका.

जिनिंगवाला, हिंगणघाट

भाऊ, हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच मांडला.

आपल्या देशात 2013-14 मध्ये जवळपास 400 लाख गाठी (एक गाठ 170 किलो रुईची) कापूस झाला होता. आता 300 लाखांच्या आगेमागे घोटाळतोय. 2011-12 मध्ये आपण सव्वाशे लाखांहून जास्त गाठी बाहेर विकल्या होत्या, 2024-25 च्या हंगामात उलट 40 लाखांच्या आसपास आयात केल्या. त्यातल्या बऱ्याचशा शुल्क चालू असताना! म्हणजे 11 टक्के भरूनही गिरण्यांना बाहेरची रुई परवडली. याचं उत्तर शुल्कात नाही, वावरात आहे.

आपली हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आत-बाहेर. जगाची सरासरी आठशेच्या घरात. ब्राझील अठराशेच्या वर काढतो, आणि तिथंही बहुतेक कापूस पावसावरच आहे. यंत्रानं वेचलेली त्यांची गाठ उघडली की सगळ्या गाठी एका जातीच्या, एका लांबीच्या. आमच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात) एका दिवशी दहा गावांतून दहा जातींचा कापूस येतो. त्यात पोत्याच्या सुतळीचे धागे, गुटख्याच्या पुड्या, बायकांचे केस, सगळं निघतं. हा कचरा सुतात गेला की रंगवताना कापडावर ठिपके पडतात आणि परदेशी गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवतं.

गिरणीला बांगलादेश आणि व्हिएतनामशी भिडायचं आहे. 2025 च्या ऑगस्टपासून अमेरिकेनं त्यांच्या मालावर 20 टक्के घेतले, आपल्यावर 50. त्यात रुईसुद्धा त्यांना जगाच्या भावात आणि आपल्या गिरणीला चढ्या भावात, मग ऑर्डर कोण देणार? गिरणीतली सूत कातायची चाती थांबली की रुईला गिऱ्हाईक नाही, आणि रुईला गिऱ्हाईक नाही की तुमच्या कापसालाही नाही. आपली साखळी एकच आहे, हे विसरू नका.

आणि हमीभाव आहे ना! 2024-25 च्या हंगामात सीसीआयनं (हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळानं) जवळजवळ एक कोटी गाठी घेतल्या. आमच्यासारख्या कितीतरी जिनिंग सीसीआयच्याच कामावर चालल्या. तुम्ही तिथं का घालत नाही?

काळी माती, घाटंजी

घालतो ना. कसा, तेही सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल.

2025 मध्ये आधी मोबाईलवर नोंदणी. सातबाऱ्यावर पेरा चढलेला हवा, आधार बँकेला जोडलेलं हवं. मग तारीख मिळायची वाट. दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला, बोंडातला कापूस भिजला. केंद्रावर गाडी लागते तेव्हा ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, वरचा वाळलेला सोडून तळातला मूठभर काढतो आणि मीटर लावतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव. 8 ते 12 मध्ये टक्क्यागणिक कपात. 12 च्या वर गेला की गाडी परत. परतीचं भाडं शेतकऱ्याच्या अंगावर. गाडी फाटकाबाहेर आली की तिथंच खासगी खरेदीवाला उभा असतो आणि तो सात हजारांच्याही खाली मागतो. ज्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची आहे तो तिथंच माल उतरवतो. 8,110 हा आकडा कागदावर सगळ्यांचा आहे. हातात पडतो तो ज्याच्याकडे वाळवायला जागा आणि थांबायला दम आहे त्याच्या.

उत्पादकतेचं म्हणाल तर ब्राझीलचं उदाहरण पूर्ण द्या. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देऊन जगाचा भाव पाडते म्हणून ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला, खटला जिंकला आणि 2014 च्या तडजोडीत अमेरिकेकडून 30 कोटी डॉलर घेतले. तो पैसा त्यांच्या कापूस संशोधनाच्या कामी आला. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार गरीब देश हीच तक्रार 2003 पासून करताहेत, त्यांची अजून पुरती दाद लागलेली नाही. ज्याला तुम्ही जगाचा भाव म्हणता, तो तिकडच्या सरकारी पैशानं पाडलेला भाव आहे. त्याच्याशी माझ्या कोरडवाहू वावराची स्पर्धा लावायची आणि वर मलाच म्हणायचं की तू मागे पडलास?

खुला बाजार, अकोट

काळी माती, तुमचं दुखणं खरं आहे, पण औषध चुकीचं मागताय. तुम्हाला सरकारनं वेळेवर दार लावावं असं वाटतं. मी म्हणतो, त्या दारावरचा सरकारचा हातच काढा.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावावर डावे-उजवे सगळे तुटून पडले असताना ते म्हणाले, शेतकऱ्याला जगाचा बाजार हवा, कारण आपलं सरकारच त्याला बाजारभावापेक्षा कमी देतं. भारत सरकारनंही त्या वेळी जागतिक व्यापार संघटनेला जी आकडेवारी दिली, त्यात आपल्या शेतीची सबसिडी उणे निघाली होती. म्हणजे शेतकऱ्याला मिळत नव्हतं, त्याच्याकडून काढून घेतलं जात होतं. तुम्ही दिलेली 2012, 2021, 2022 ही उदाहरणं व्यापाराची नाहीतच. ती सरकारी हस्तक्षेपाची आहेत. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त हवं म्हणून शेतकऱ्याचा भाव पाडला, बस्स.

दुसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. बीटी कापूस (बोंडअळीला तोंड देणारं जीएम बियाणं) 2002 मध्ये आला, पुढची दहा-बारा वर्षं उत्पादन वाढलं. त्यानंतर नव्या जीएम जातींना परवानगीच नाही. गुलाबी बोंडअळीनं जुनी बीटी पचवली, 2017 मध्ये अर्ध्या विदर्भाचा कापूस खाल्ला. ब्राझील, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तणनाशक सहन करणारं बियाणं सर्रास पेरतात. आमच्या तालुक्यात अकोली जहागीरला 2019 च्या जूनमध्ये शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला, तर गुन्हे दाखल झाले. आजही ते बियाणं चोरून येतं, पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठं करायची? बाहेरचा जीएम कापूस बंदरात चालतो, जीएम सोयापेंड चालते, आणि माझ्या वावरात तेच बियाणं गुन्हा ठरतं! हात बांधून शर्यतीत उतरवलं आहे आम्हाला. आधी हात सोडा, मग शुल्क शून्य ठेवा, माझी हरकत नाही.

मास्तर, पुलगाव

अकोटकर, सरकारचा हात नसलेला खुला बाजार वऱ्हाडानं एकदा अनुभवला आहे. मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस थांबला. इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली, भाव कित्येक पट चढले. ज्वारीच्या वावरात कापूस आला, सावकारानं हात सैल सोडून कर्जं दिली. 1865 मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले. कर्ज मात्र तसंच राहिलं. त्यानंतर 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करून गेले. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वेची लाइन आली, तीही ब्रिटिश कंपनीची. रूळ कुठून कुठं गेले ते नकाशावर पाहा: कापसाच्या बाजारातून बंदराकडे. गाठी गेल्या, कापड होऊन परत आल्या. 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा या श्रीमंत कापूस मुलखात लोक उपाशी मेले.

या मुलखानं माल पिकवायचा आणि त्याची किंमत दुसरीकडे वाढायची, ही रीत तेव्हा पडली. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली, पुलगाव-हिंगणघाटला गिरण्या झाल्या, तेव्हा ती थोडी मोडली होती. आमच्या पुलगावच्या गिरणीच्या भोंग्यावर गावाची घड्याळं लागत. आज इथलं पोरगं पुण्यात सुरक्षा रक्षक आहे आणि गावचा कापूस गाठी होऊन तमिळनाडूला जातो. 1972 मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी आणली, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा. तिच्यात भ्रष्टाचार होता, चुकारे महिनोन्महिने थकायचे, हे खरं. पण भाव ठरलेला असायचा. ती मोडीत काढल्यावर त्या जागी काय आलं?

व्यापाराला माझा विरोध नाही. कच्चा माल विकून कोणताही देश मोठा झाला नाही, एवढंच म्हणणं आहे. दक्षिण कोरियानं निर्यात केली, पण आपले कारखाने उभे होईपर्यंत बाहेरचा माल रोखून धरला होता.

खुला बाजार, अकोट

मास्तर, एकाधिकारात शेतकऱ्याला शेजारच्या राज्यात कापूस नेऊन विकायला बंदी होती हेही मुलांना सांगा. मध्य प्रदेशात, गुजरातमध्ये भाव जास्त असला तरी आम्ही इथंच घालायचा. रात्री बैलगाड्या सीमेपार न्यायचे लोक, स्वतःचाच कापूस चोरासारखा. त्याला संरक्षण म्हणत नाहीत.

वेचणी, राळेगाव

तुमी सारे वावरवाले बोलून राह्यले, मी वावर नसलेली बोलतो. बचत गटाच्या पोरीकडून लिहून घेतलं हाय.

आमी कापूस येचाले जातो. 2025 साली किलोले दहा रुपये भेटले, कोठी आठ. दिवसभर वाकून चाळीस किलो येचला त लय झाला. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) नखीनं बोटं फाटतात, कमरंले बांधलेल्या ओट्यात कापूस भरला की उभं राहाले होत नाई. 2022 साली कापूस दहा हजारावर गेला व्हता ना, तवा आमाले येचाईचे किती वाढवून देल्ले? रुपया-दोन रुपये. मंग भाव पडला तर म्हणतात, बाई, आता परवडत नाई, कमी घ्या.

दुसरी गोष्ट तेलाची. काळी माती भाऊ म्हणतात बाहेरून माल येऊ देऊ नका. आमच्या घरी तेल बाहेरचंच येते. 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं तेलावरचं शुल्क वाढवलं तवा दुकानदारानं दुसऱ्या दिवशीच पाकिटाचे भाव वाढवले. ज्याले सोयाबीन इकाचं हाय त्याले ते बरं. ज्याले तेल इकत घ्याचं हाय तिनं काय करावं? गावात वावरवाल्यापेक्षा मजूर जास्त हायेत, हे कोनी मोजत नाई.

मले बाहेरचा माल नको असं वाटत नाई. मले बारमाही काम पाह्यजे. कापूस सरला की चैत्रापासून आषाढापर्यंत हात रिकामे.

काळी माती, घाटंजी

ताई, वेचाईचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. सत्तर रुपये किलोच्या कापसात दहा रुपये वेचणीला जातात आणि त्या दहा रुपयांत तुमचं घर भागत नाही. दोघंही तोट्यात. मधला पैसा कुठं जातो यावरच मी बोलतोय.

तेलाचं मात्र वेगळं सांगायचं आहे. आपण आज निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. हे पहिल्यापासून असं नव्हतं. 1986 मध्ये तेलबिया अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. जवस, करडई, भुईमूग आमच्या वावरात होते, गावोगावी घाणे होते. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली केली, मग शुल्क उतरत गेलं. करडई विदर्भातून जवळपास गेलीच. स्वस्त तेल मिळालं हे खरं, पण 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, इंडोनेशियानं पामची निर्यात थांबवली, तेव्हा तेच तेल तुम्हाला काय भावानं घ्यावं लागलं आठवा. घाणा बंद पडला की लगेच चालू करता येत नाही.

आणि त्या वाढलेल्या शुल्कानं आम्हालाही तारलं नाही. सोयाबीन त्या हंगामात 4,892 च्या हमीभावाला पोचलंच नाही. तेल महाग, दाणा स्वस्त. 2025 च्या मे महिन्याअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं, पेरणीच्या तोंडावर! त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 5,328 केला आणि बाजारात ते त्याच्या हजारभर रुपये खाली चाललं.

शिलाई मशीन, नांदगाव पेठ

मी अमरावतीजवळच्या एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात आहे. वडील चांदूर बाजार भागात शेती करतात, म्हणजे दोन्ही बाजू घरातच.

मास्तरांना जी रीत मोडायची आहे ती आमच्याकडे थोडी मोडते आहे. आमच्या लाइनवर शर्टाची कॉलर, कफ, बटनपट्टी वेगवेगळ्या मशीनवर होते. माझ्याकडे कॉलर. एका बाजूला आतलं कडक कापड चिकटवून येतं, मी टोक वळवून टीप मारतो. टोक दोन्हीकडे सारखं आलं नाही तर तपासणीत पीस परत. बाजूच्या मशीनवर मोर्शीच्या, तिवस्याच्या, भातकुलीच्या मुली आहेत. महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार, पीएफ कापला जातो. राळेगावच्या ताई म्हणतात ते बारमाही काम हेच आहे.

बांगलादेशात कापूस जवळपास पिकतच नाही. सगळा बाहेरून आणतात, आपल्याकडूनही नेतात, आणि कपडे विकण्यात जगात वरच्या नंबरावर आहेत. चाळीस लाखांच्या आसपास लोक त्या कामात, बहुतेक बाया. का जमलं? रुई-सूत बिनशुल्क आणलं आणि गरीब देश म्हणून युरोपात बिनशुल्क विकलं. आपल्या कपड्यांवर युरोपात 2025 मध्ये 9 ते 12 टक्के लागत होतं. 2025 च्या जुलैमध्ये ब्रिटनशी करार झाला, त्याप्रमाणे तिथं शून्य. अमरावतीला पीएम मित्र पार्क (केंद्राच्या योजनेतला कापड उद्योगांचा पार्क) मंजूर आहे, 2024 च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली. शेतातून धागा, धाग्यातून कापड, कापडातून शर्ट हे सगळं एका जागी व्हायचं असेल तर बाहेरचं गिऱ्हाईक लागेल. कापूस महाग ठेवून ते मिळणार नाही.

मला 2013 चं ढाक्याचं राणा प्लाझाही माहीत आहे. इमारत कोसळून अकराशेहून जास्त कामगार गेले. तसा व्यापार नको, ही मागणी मी स्वतः कामगार म्हणून करतो. पण 2025 च्या ऑगस्टपासून अमेरिकेच्या ऑर्डरी गळायला लागल्या तेव्हा आमच्या लाइनवर ओव्हरटाइम बंद झाला. परदेशी गिऱ्हाईक नसतं तेव्हा काय होतं ते मी तेव्हा पाहिलं.

काळी माती, घाटंजी

भाऊ, तुझं काम टिकलं पाहिजे आणि तो पार्क झाला पाहिजे. पण जो शर्ट परदेशी जातो त्याच्यापुरती रुई बिनशुल्क आणायची सोय आधीपासून आहे. निर्यातदाराला आगाऊ परवाना काढून कच्चा माल बिनशुल्क आणता येतो. मग सरसकट सगळ्यांचं शुल्क कशाला काढलं? त्यातली बरीच रुई देशातच विकायच्या कापडात गेली.

जिनिंगवाला, हिंगणघाट

आगाऊ परवान्याची कागदपत्रं छोट्या गिरणीला झेपत नाहीत. ती मोठ्यांची सोय आहे. निर्यात करणारा शर्टवाला वेगळा, त्याला सूत देणारा वेगळा, त्याला कापड विणून देणारा तिसरा. कोणाच्या नावावर परवाना काढणार?

संत्रापट्टा, वरूड

तुम्ही सगळे दिल्लीच्या शुल्कावर भांडताय. आमचं भवितव्य ढाक्यात ठरतं.

वरूड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशात जायचा. बारीक, आंबट-गोड फळ तिकडं आवडीनं घेतात. आपल्याकडच्या मोठ्या मंड्या ते नाकारतात, म्हणून आमच्यासाठी तो बाजार सोन्याचा होता. हंगामात इथून ट्रक निघायचे आणि पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोलच्या नाक्यावरून पलीकडे जायचे. 2019 पासून बांगलादेशानं आयात शुल्क दरसाल वाढवत नेलं. किलोला 20 रुपयांच्या आसपास होतं ते 2023 पर्यंत 88 वर पोचलं. बागेत 20-25 रुपयांनी मिळणाऱ्या फळावर 88 रुपये शुल्क! निर्यात बसली. तो सगळा माल देशातल्या मंड्यांवर येऊन आदळला आणि मोठ्या फळाचाही भाव पडला. राज्य सरकारनं शुल्काचा निम्मा भार उचलायचं जाहीर केलं, पण तोवर लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवायला सुरुवात केली होती. आठ-दहा वर्षं जपलेलं झाड एकदा तोडलं की गेलं.

बांगलादेशाचं काय चुकलं? त्यांनी त्यांची परकीय चलनाची चणचण पाहिली, फळ ही त्यांच्या लेखी चैन आहे. काळी माती आपल्या सरकारकडे मागतात तेच त्यांनी त्यांच्या देशासाठी केलं. म्हणून मला शुल्काची बाजू घेताना जीव घाबरतो. आपण लावलं की समोरचाही लावतो.

माझं म्हणणं, करार करताना संत्र्याचं नाव घेणारं कोणीतरी तिथं बसलेलं असावं. औषधाचं, सॉफ्टवेअरचं नाव घेतलं जातं, संत्रा कोणाच्या लक्षात राहत नाही. रस आणि पल्प काढणारे कारखाने इथं पुरेसे झाले असते तर बारीक फळ एका देशाच्या मर्जीवर अडकलं नसतं.

धानवाला, गोंदिया

आमच्या झाडीपट्टीकडेही (गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्याकडे) पाहा. 20 जुलै 2023 ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के निर्यात शुल्क लावलं. निवडणुका होऊन गेल्यावर 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन्ही उठवलं. मधलं वर्षभर गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलांचा माल अडकून होता. पश्चिम आफ्रिकेतले देश आपला उकडा तांदूळ खातात, त्यांना त्या काळात थायलंड-व्हिएतनामकडून चढ्या भावानं घ्यावा लागला. म्हणजे आपला शेतकरीही बुडाला आणि तिकडचा गरीबही. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत यायला वेळ लागतो. 'यांचा भरवसा नाही' हे वाक्य मिलवाल्यांनी फोनवर ऐकलं आहे. काळी मातीच्या 'हंगामात बदल नको' या मागणीला आमचा पाठिंबा.

खुला बाजार, अकोट

धानवाले दादा, हेच मी म्हणतोय. बंदीच्या वेळी शहरातला ग्राहक आठवतो. हंगामभर नियम बदलायचा नाही, हे निवडणुकीच्या वर्षी कोणतं सरकार पाळणार? आज काँग्रेस असो की भाजप, दोघांनीही हेच केलं आहे. नियम मोडायची सोयच ठेवू नका, म्हणजे शुल्क आणि बंदी दोन्हीचे अधिकार काढून घ्या.

काळी माती, घाटंजी

अधिकार काढून घेतल्यावर अमेरिकेची सबसिडी वाढली आणि रुई 40 हजार खंडीनं बंदरात आली तर? तेव्हा आम्ही कोणाकडे बघायचं? खुल्या बाजाराला माझा विरोध इथं आहे. समोरच्याचं सरकार त्याच्या पाठीशी पैसे घेऊन उभं असताना माझ्या सरकारनं हात वर करायचे, हा समान खेळ नाही.

म्हणून नीट लिहितो. मे संपायच्या आत, बियाणं घ्यायच्या आधी, कापूस, सोयाबीन आणि तुरीचं आयात शुल्क आणि निर्यातीचे नियम पुढच्या सप्टेंबरपर्यंत जाहीर व्हावेत. शुल्क असं असावं की बाहेरचा माल हमीभावाच्या खाली उतरणार नाही. भाव हमीभावाच्या फार वर गेला तर शुल्क कमी करा, पण किती वर गेल्यावर किती कमी, तेही मेमध्येच सांगा. तुरीचं पाहा. 2021 पासून आयात खुली केली, मुदत दर वेळी वाढत गेली. पिवळा वाटाणा 2023 च्या डिसेंबरपासून बिनशुल्क येत होता, 2025 च्या 1 नोव्हेंबरपासून 30 टक्के लावलं. चांगलं केलं, पण खरिपाची पेरणी होऊन गेल्यावर.

मधेच बदलायची वेळ आलीच तर गिरणीला व्याजात सवलत द्या, निर्यातदाराला मदत द्या, ती अर्थसंकल्पातून द्या. देशाची गरज असेल तर देशानं मिळून भरावं.

जिनिंगवाला, हिंगणघाट

वर्षभराची हमी मलाही आवडेल, कारण शुल्क कधी लागेल या भीतीनं आम्हीसुद्धा साठा करायला घाबरतो. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं 20 दिवसांत दोनदा शुल्क लावलं. त्यांचं ऑगस्टमध्ये बदलतं आणि आपलं मेमध्ये बांधून ठेवायचं, हे गिरणीला कसं झेपेल? अर्थसंकल्पातली मदत मार्चनंतर मिळते, तोवर चाती विकायची वेळ येते.

आणि एक विचारतो. शुल्काची सूट 31 डिसेंबर 2025 पर्यंतच होती. जानेवारीत शुल्क परत लागल्यावर भाव सुधारू शकत होता. तुम्ही कापूस तोवर का धरून ठेवला नाही?

काळी माती, घाटंजी

कारण कापूस घरात ठेवायचा म्हणजे झोपायच्या खोलीत ठेवायचा. आमच्या घरांत वेगळं गोदाम नाही. महिनाभर राहिला की किडे होतात, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते, चुलीची ठिणगी उडाली तर सगळं घर जातं. वजनही घटतं. दिवाळीला कृषी केंद्रवाला उधारी मागायला येतो, रब्बीच्या हरभऱ्याला बियाणं लागतं, मजुरीचे पैसे दर आठवड्याला रोख द्यायचे असतात. दोन-पाच एकरवाल्याचा निम्म्याहून जास्त कापूस डिसेंबरच्या आत विकला जातो.

जानेवारीत शुल्क लागून भाव पाचशेनं वाढला, तर तो फायदा ज्यानं आमच्याकडून सात हजारांनी घेऊन ठेवला त्याला मिळेल. म्हणून तारीख महत्त्वाची. सूट ऑगस्ट ते डिसेंबर देण्याऐवजी एप्रिल ते जुलै दिली असती, तर गिरणीला रुई मिळाली असती आणि आमच्या घरात तेव्हा विकायला कापूसच नसता, म्हणजे नुकसानही नसतं. राळेगावच्या ताईंच्या वेचाईचा प्रश्न त्यानंही सुटत नाही, तो वेगळा मांडायला हवा आणि त्यांनीच मांडावा.